रॉकेलच्या डब्यातली उंची

शेवगावात मला खोली मिळाली ती एका अटीवर. भाडं, पाणी, पाहुण्यांची ये-जा, यातलं काहीच घरमालकांनी काढलं नाही. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला आलेल्या नव्या बाई त्या याच, एवढं कळल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "खोली देतो. पण पंधरवड्यातून एकदा विमानात बसावं लागंल."

खोली दाखवायला शाळेचे शिपाईमामा बरोबर आले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते आडाकडे बघत होते. माणूस जरा सरकलेला दिसतोय, असं माझ्या मनात आलं. पण ते साल पावसानं पाठ फिरवल्याचं होतं. गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या आणि या घरच्या आडात अजून पोहरा बुडत होता. पाणी असेल तर सरकलेला मालकही चालेल, असा विचार करून मी हो म्हटलं. शिवाय खरं सांगायचं तर मला उत्सुकता होती. दुसऱ्याच्या बंद दाराआड काय आहे हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. आई म्हणायची, हिचं नाक एक दिवस कुठल्या तरी दारात चेंगरणार आहे.

गाव त्यांना पेटीमास्तर म्हणायचं. हार्मोनियम दुरुस्त करणं हा त्यांचा पिढीजात धंदा. शेवगाव-पाथर्डीच्या पट्ट्यात भजनी मंडळ नाही असं गाव नाही, आणि कधी भाता फाटला नाही किंवा आत उंदीर शिरला नाही अशी पेटी नाही. त्यामुळे ओट्यावर पोट उघडून ठेवलेल्या पेट्या कायम ओळीनं मांडलेल्या असत. मास्तरांना स्वतःला मात्र ना गाता येत होतं ना वाजवता. सूर लावताना डोळे मिटून ते एकच पट्टी दाबून धरायचे, शेजारचं पोर रडायला लागेपर्यंत. मी त्यांना काका म्हणू लागले आणि त्यांच्या बायकोला काकू. नावं घ्यायची वेळच आली नाही.

विमान घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं. शेड त्यांची नव्हती, शेजारच्या आडत व्यापाऱ्यांची होती. त्या म्हाताऱ्या शेटजींना भजनाचा नाद. त्यांची पेटी काकांनी जन्मभर सांभाळायची आणि त्यांनी काकांना शेड वापरू द्यायची, अशी दोघांत तोंडी बोली झाली होती. काकांनी कुलूप काढलं तेव्हा आत मला जे दिसलं ते विमानापेक्षा पिठाच्या गिरणीच्या जास्त जवळचं होतं. माणूस जेमतेम मावेल असं लाकडी खोकं, त्याला नावापुरते आखूड पंख, आणि हे सगळं जमिनीवरच एका खुंटावर तोललेलं. खाली चार बाजूंना चार भाते. आत दांडी, पायाखाली दोन पट्ट्या, समोर घड्याळासारख्या चकत्या. वरून काळ्या कापडाचं झाकण.

दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या दिवसांत काका हवाई दलात नोकरीला होते. वैमानिक होऊ घातलेल्या पोरांना आकाशात सोडण्याआधी जमिनीवरच उडायला शिकवतात, त्यासाठी तिथं असं यंत्र होतं. बाहेरचं काही दिसू न देता नुसत्या काट्यांवर विमान कसं चालवायचं, ते त्यात शिकवत. यंत्राचे भाते सारखे फाटायचे आणि ते शिवणारा माणूस मिळत नव्हता. "साहेब लोकांला वाटलं, हा लई भारी मेकॅनिक हाय," काका सांगायचे. "मला काय? पेटीच ती. फक्त आत माणूस बसलेला." लढाई संपली, काका गावी आले आणि तसंच्या तसं यंत्र आठवणीतून बांधायला लागले. आंब्याच्या फळ्या, चहाच्या खोक्यांचे पातळ पत्रे, सायकलच्या ब्रेकच्या तारा, शेळीचं कमावलेलं कातडं. लष्करानं मोडीत काढलेल्या चकत्या नगरच्या जुन्या बाजारातून शोधून आणलेल्या.

हे का बांधलंत, असं मी त्यांना पुष्कळदा विचारलं आणि दरवेळी वेगळं उत्तर मिळालं. एकदा म्हणाले, हाताला चैन पडंना. एकदा म्हणाले, पेट्यांचा कंटाळा आला. आणि एकदा भात्याला सरस लावता लावता सहज म्हणून गेले, "तिथं माझ्या भात्यावर शिकलेली पोरं नंतर उडून गेली. कोन परत आलं, कोन न्हाई, आमाला कुनी सांगितलं न्हाई." मी पुढे काही विचारलं नाही. माझ्यासारखीनं न विचारणं म्हणजे बघा.

मला सगळ्यांत नवल वाटलं ते उंचीचं. उंची दाखवणारी चकती एका झाळून बंद केलेल्या रॉकेलच्या डब्याला नळीनं जोडली होती. दांडी मागे ओढली की डब्यातली हवा हळूहळू ओढली जायची आणि काटा वर चढायचा. दांडी पुढे केली की हवा परत आत. म्हणजे आमची सगळी उंची त्या डब्यात असायची. डब्याला भोक पडलं तर, असं मी विचारलं. "मग सगळी दुनिया जमिनीवर," काका गंभीरपणे म्हणाले.

हवा ओढायला एक मोटार होती, पण त्या दिवसांत वीज दिवसाची किती वेळ असायची ते विचारू नका. वीज गेली की कोपऱ्यातला मोठा भाता पायानं मारावा लागे, आणि ते काम काकूंचं. "इमान त्यांचं, पन वारा माझा," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. यावर काकांनी एक नियम काढला होता. जो पडेल, म्हणजे ज्याचा उंचीचा काटा भलत्या ठिकाणी शून्यावर येईल, त्यानं उतरून पुढच्या माणसासाठी भाता मारायचा. त्यामुळे कुणी नवखा आत बसला की काकू देवाला हात जोडून म्हणायच्या, ह्याला पाड बाबा, माझे पाय दुखाय लागले.

माझ्या पहिल्या उड्डाणाच्या दिवशी काकांनी विचारलं, कुठं जायचं? मी ऐटीत मुंबई म्हटलं. "पहिल्यांदा लांब नको," ते म्हणाले. "घोडेगावला जाऊन या. आज बाजार हाय." मग झाकण बंद झालं. आत एक मिणमिणता दिवा आणि चार काटे. बाहेर टेबलावर नकाशा पसरून काका बसलेले. त्यांचं बोलणं रबरी नळीतून माझ्या कानाशी येत होतं. खोकं हललं, कललं, फिरलं. थोड्याच वेळात माझी खात्री झाली की मी अगदी सरळ चालले आहे. काटा म्हणत होता, वळते आहेस.

"सुईवर इश्वास ठेवा, बाई," नळीतून आवाज आला. "पोट खोटं बोलतं."

मी पोटावर विश्वास ठेवला. झाकण उघडलं तेव्हा टेबलावर तीन चाकांची एक छोटी गाडी उभी होती. गजराच्या घड्याळाची चक्रं घालून काकांनी ती बनवली होती. आतला माणूस जसा उडेल तशी ती नकाशावर सरपटायची आणि मागे शाईची रेघ सोडायची. काका तिला खेकडा म्हणत. माझ्या खेकड्यानं शेवगावच्या वर जिलबी काढली होती आणि तो गोदावरीकडे जाऊन थांबला होता. "धरणात बुडालात," काका म्हणाले. पैठणच्या धरणाचं काम तेव्हा चालू होतं, पाणी कुठं अडलेलं नव्हतं. मी तसं म्हटलं. पण काकांनी धरणाचं होणारं पाणी निळ्या पेन्सिलीनं आधीच रंगवून ठेवलं होतं. निदान विमानानं तरी तिथं उतरू नये, हा त्यांचा विचार. नदीकाठच्या गावांतली माणसं बाजाराला आली की शेडमध्ये डोकावत, ती विमानासाठी नाही, तो निळा रंग आपल्या गावापर्यंत आलाय का ते बघायला. काकांनी रंग देताना गावांची नावं मात्र वाचता येतील इतपत कोरी सोडली होती.

मी मुकाट्यानं भाता मारायला बसले. काकूंनी पदरानं घाम पुसला आणि मला म्हणाल्या, लई गुणाची हाय पोरगी. पुढचे कित्येक महिने मी त्यांना दर खेपेला पाऊण-एक तास विश्रांती मिळवून दिली. मग एका बाजाराच्या दिवशी मी खरोखरच घोडेगावला उतरले, म्हणजे खेकडा गावाच्या टिंबावर आला आणि त्याच वेळी काटा हळूच शून्यावर टेकला. काकांनी झाकण उघडून नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी वर्गात मुलींना दिशा आणि प्रमाण शिकवलं ते अशा जोशात की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या.

सुईवर विश्वास ठेवायचं वेड काकांच्या सगळ्या जगण्यात शिरलं होतं. भिंतीवरची उष्णतेची नळी बघितल्याशिवाय ते उकडतंय म्हणत नसत. अंगात ताप आहे की नाही यावर काकूंशी त्यांचा वाद व्हायचा आणि काकू थर्मामीटर लपवून ठेवायच्या. जेवायच्या वेळेला बरं पोटावर इश्वास ठेवता, असं त्या म्हणाल्या की काका वाद थांबवून ताटावर बसत.

स्वतः काका कधी खऱ्या विमानात बसले नव्हते. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा मला चक्क फसवल्यासारखं वाटलं. लढाईच्या काळात एका साहेबानं, चल तुला फिरवून आणतो, असं म्हटलं होतं म्हणे. नेमका त्याच दिवशी एक भाता फाटला आणि काका तो शिवत राहिले. नंतर तो साहेब बदलून गेला. वाईट नाही वाटत, असं मी विचारलं. काका म्हणाले, पेटी करणाऱ्याला गाता आलं पाहिजे असं कुठं आहे? त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर काही दिसलं नाही. मी बारकाईनं बघत होते.

सुरुवातीला म्हणे बाजाराच्या दिवशी शेडपुढे झुंबड उडायची. पाथर्डीकडची माणसं आदल्या दिवशी मुक्कामाला येत. मी आले तोवर चार-दोन टाळकी उरली होती. गावात तंबूतला सिनेमा येऊ लागला होता, आणि विमानात बसलं तरी दिसत काहीच नाही हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. लोक काकांना म्हणत, वरून आमचं गाव कसं दिसतं ते दाखवा की. काका म्हणत, ढगात गाव दिसत नसतं. ते बिचारे पुन्हा फिरकत नसत. पुण्याला कारखान्यात असलेला त्यांचा मुलगा तर वडिलांच्या या उद्योगाविषयी चारचौघांत बोलतही नसे.

आणि काकांची नजर अधू होत चालली होती. सुईत दोरा ओवायला ते मला हाक मारत. एकदा भात्याची शिवण उसवून पुन्हा घालताना ते म्हणाले, "पेटी वर्षभर वाजवली न्हाई तर बिघडती. कातडं कडक होतं, उंदरं घर करत्यात. हे तर चार पेट्यांएवढं हाय. माझ्यामागं कोन बसनार ह्यात?" मी म्हटलं, मी आहे की. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते हसले. मी सरकारी नियमानं बदलून जाणारी बाई होते, आणि हे दोघांनाही माहीत होतं. त्या दिवसापासून मला त्यांची काळजी कळली. यंत्र नुसतं शिल्लक राहावं असं त्यांना वाटत नव्हतं. त्यात कुणीतरी बसत राहावं असं त्यांना वाटत होतं.

त्याच साली म्हातारे शेटजी गेले. महिन्याभरात त्यांचा मुलगा खाली मान घालून ओट्यावर आला. पाऊस पुन्हा गेलाच होता. गावोगावची जनावरं हाडं दाखवत होती, बाहेरून कडबा मागवायचं ठरलं होतं आणि तो ठेवायला छप्पर हवं होतं. मुलगा वाईट नव्हता, त्याला बोलणं जड जात होतं. काकांनीच त्याला सोडवलं. ते म्हणाले, जनावरं मेल्यावर विमानात बसून काय बघायचं? दिवाळीपर्यंत शेड मोकळी करून देतो. तो गेल्यावर मात्र त्यांनी हातातली पेटी तशीच ठेवली आणि दिवसभर एकही सूर लावला नाही.

आता मी कामाला लागले. नगरच्या एका कॉलेजात माझ्या ओळखीचे प्राध्यापक होते आणि तिथं विज्ञानाचं दालन उघडायचं चाललं होतं. मी त्यांना भेटून काकांचं विमान असं काही रंगवून सांगितलं की ते आणि त्यांचे एक विश्वस्त जीपनं शेवगावला यायला तयार झाले. कॉलेजला सुट्टी असेल तो दिवस त्यांनी धरला. मीही हो म्हटलं. तो दिवस खंडेनवमीचा आहे हे आम्हा शिकलेल्या तिघांच्याही डोक्यात आलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा. त्या दिवशी शेतकरी औत जुंपत नाही, सुतार रंधा धरत नाही, शिंपी यंत्राला पाय लावत नाही. काकांनी सकाळीच पटाशा, कानशी, करवती धुऊन पाटावर मांडल्या होत्या. विमानाला हळदीकुंकू लावून झेंडूची जाड माळ घातली होती, पुढे नारळ फोडला होता. जीप दारात थांबली, पाहुणे उतरले, चहा झाला, आणि प्राध्यापक हात चोळत म्हणाले, चला, उडवून दाखवा.

"आज न्हाई," काका म्हणाले.

मला वाटलं ते थट्टा करताहेत. मी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, विनवलं, शेवटी चिडले. एवढे सुईवर विश्वास ठेवणारे तुम्ही, आणि आज हे काय? लोक इतक्या लांबून आलेत, शेड जायला मोजके दिवस राहिलेत. काका शांतपणे म्हणाले, "वर्षभर ते आपलं ऐकतं, बाई. एक दिस त्याचा."

पण विश्वस्तांचं काही अडलं नव्हतं. ते विमानाभोवती फिरत होते आणि खूश होत होते. हे असंच छान दिसतंय, ते म्हणाले. चालवायची गरजच काय? काचेची खोली करू, पुढे दोरी बांधू, हात लावू नये अशी पाटी लावू. वर्षानुवर्षं धक्का लागणार नाही. काकांनी विचारलं, आत कोण बसणार? कुणी नाही, असं उत्तर आलं. भाते? ते काढून टाकता येतील, कातड्याला वास येतो. काकांनी फोडलेल्या नारळाचे तुकडे केले. मग त्यांनी पाहुण्यांच्या हातावर खोबऱ्याचा प्रसाद ठेवला आणि म्हणाले, "न्हाई जमायचं, साहेब. तुमच्याकडं ह्याची रोजच खंडेनवमी व्हायची."

पाहुणे हसले. त्यांना तो नकार आहे हे जीप सुरू झाल्यावर कळलं असावं. मी दोन दिवस काकांशी बोलले नाही. मला त्यांचा मनापासून राग आला होता. हातातोंडाशी आलेला घास या माणसानं नुसता लोटून दिला होता, आणि दिवाळी दारात होती. त्या आठवड्यात काकूंच्या कालवणातही मीठ जरा जास्तच पडत होतं.

तिसऱ्या दिवशी काका धुतलेला सदरा घालून कुठेतरी निघाले. परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर पाळणेवाले चाचा होते. चाचा म्हणजे नगरकडचे एक मुसलमान गृहस्थ. जत्रेत आणि बाजारात त्यांचे लाकडी पाळणे आणि चक्री लागायची. वर्षापूर्वी ते विमानात बसून गेले होते. बाहेर येऊन म्हणाले होते, मास्तर, हे झाकण काढा, लोकांला मोकळं बसू द्या, मग बघा कशी गर्दी होते. तेव्हा काकांनी त्यांना जवळजवळ हाकलून दिलं होतं. झाकण काढलं तर पाळणा होतो, विमान नाही, असं त्यांना सुनावलं होतं.

आज काका स्वतःच म्हणाले, विमान घेऊन जा, झाकण काढायचं तर काढा. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकूंकडे पाहिलं. मग काकांनी चाचांना भाता शिवायला बसवलं. तीन दिवस बसवलं. सरस किती पातळ करायचा, कातडं कुठल्या अंगानं लावायचं, शिवण कुठं दुहेरी घालायची. चाचांचा हात चांगला होता. चौथ्या दिवशी चाचांनी विचारलं, "मास्तर, हे काटे ठिवू का काढू? आमच्या गिऱ्हाइकाला नुसतं हलाय पायजे."

"ऱ्हाऊ द्या," काका म्हणाले. "हजारात एकाला बघावंसं वाटंल."

चाचांचे पाळणे तेव्हा घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात लागलेले होते. कडबा घेऊन आलेला ट्रक रिकामा परत चालला होता, त्यात विमान चढवलं. चाचा मागे विमानापाशी बसले आणि काका, काकू आणि मी पुढे बसून गेलो. त्या साली घोडेगावचा बाजार बघवत नव्हता. घेणारे थोडे आणि विकणारे फार. जनावरांच्या पाठीवरून हात फिरवत माणसं गप्प उभी होती. आमचं विमान उतरवलं तेव्हा मात्र सगळे भोवती जमले. हे कुठल्या जातीचं म्हणायचं, असं एकानं विचारलं आणि बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखे लोक हसले.

बाजाराच्या रीतीप्रमाणे चाचांनी खांद्यावरचा रुमाल काढला. दोघांनी त्याखाली हात घातले आणि बोटांनी व्यवहार ठरवला. किती ठरलं ते मला आजतागायत माहीत नाही. काकूंनाही सांगितलं नाही. एवढ्यात गर्दीतले एक म्हातारे म्हणाले, मास्तर, दावं ठिवून घ्या. आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याच्या गळ्यातलं दावं विकत नाहीत. मालक ते काढून घरी नेतो, म्हणजे गोठ्याची बरकत घरात राहते. चाचांनाही ते पटलं. ते म्हणाले, काहीतरी ठेवा मास्तर, खेकडा ठेवा, नाहीतर ती दांडी.

काकांनी विमानाच्या फळीवरून एकदा हात फिरवला. खंडेनवमीला यंत्राला हात न लावणारा माणूस दावं ठेवल्याशिवाय हलणार नाही, असं मी धरून चालले होते. त्यांनी ट्रकमधून एक लाकडी पेटी उतरवली. तिच्यात उरलेलं कातडं होतं, सरसाचं भांडं होतं, खेकडा होता, निळ्या पेन्सिलीचा नकाशा घडी करून ठेवलेला होता. सगळी पेटी त्यांनी चाचांच्या पायाशी ठेवली.

"काय बी ठिवत न्हाई," ते म्हणाले. "ह्यातलं एक जरी माझ्याकडं ऱ्हायलं, तर तिकडं ते नीट उडायचं न्हाई."

गर्दीत कुजबुज झाली. म्हाताऱ्यांनी मान हलवली, हे बरं नाही असं ते शेजाऱ्याला म्हणाले. काकूंनी पदर तोंडाशी धरला. इतक्या लोकांत रडायची मला लाज वाटत होती, म्हणून मी बैल बघायला निघून गेले.

परत आलो तेव्हा शेडच्या दारापर्यंत कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. काका जेवले नाहीत. पुढे ते पेट्यांचं काम करत राहिले, पण माणूस खचला होता. ओट्यावर बसून ते उगाच शेडकडे कान देत असत, आणि मग तिथं काही आवाज यायचा नाही हे लक्षात येऊन पट्टी दाबत. जत्रांचे दिवस सुरू झाले. विमान बघायला चला, मी घेऊन जाते, असं मी दोनतीनदा म्हटलं, तर ते नको म्हणाले. पण कुठल्याही जत्रेहून कुणी आलं की काका त्याला थांबवत. विमान धड आहे का, काटे फिरतात का, कापड फाटलं का, असलं काही विचारत नसत. एवढंच विचारत, "रांग हुती का?" माणसं म्हणत, ध्यान न्हाई दिलं. कुणी म्हणे, असंल बी. काका मान हलवून पुन्हा पेटीत डोकं घालत.

होळीनंतर मढीची जत्रा भरली. आमच्याकडे दूध घालणाऱ्या बाई तिकडे जाऊन आल्या. सकाळी त्या माप भरत असताना काकांनी नेहमीचा प्रश्न टाकला. विमानात बसलात का, असंही मी मधेच विचारलं.

"कुठलं बसतीय?" बाई फणकाऱ्यानं म्हणाल्या. "रांग पार खालच्या उतारापतूर गेल्ती. उन्हात उभी ऱ्हाऊन पाय भाजले. नंबरच लागला न्हाई, माघारी आले."

काकांच्या हातातली पट्टी दाबलेलीच राहिली. पेटी तोच एक सूर काढत होती.

"नंबर लागला न्हाई?" त्यांनी विचारलं.

"न्हाई म्हनते न्हवं."

काकांनी हाक मारून काकूंना आतून बोलावलं. काकू पिठाचे हात घेऊन आल्या. काकांनी बाईंना तेच पुन्हा सांगायला लावलं, रांग कुठून कुठवर होती, किती वेळ उभ्या होतात, पुढे किती माणसं होती. बाईंनी सांगितलं, पण त्यांचा आवाज चढत चालला. नंबर लागला नाही तो नाही, वर ही माणसं तिसऱ्यांदा विचारताहेत. काका ओट्यावर बसून हसत होते. डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं, आणि काकू पिठाच्या हातांनी त्यांची पाठ थोपटत होत्या.

आपली चेष्टा चालली आहे असं वाटून बाईंनी माप दुधाच्या कासंडीत आपटलं आणि दूध न घालताच त्या तरातरा निघून गेल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या नाहीत. आम्ही तिघांनी दोन्ही दिवस कोरा चहा प्यायला.